आधी पाणी, मग हात

वडाळ्यात गाडी उघड्यावर उभी करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: तिच्यावर नुसती धूळ बसत नाही. स्टेशनातून हार्बरच्या लोकल दिवसभर येतात-जातात. इथूनच एक मार्ग माहीम-अंधेरीकडे वळतो आणि दुसरा कुर्ला-पनवेलकडे, त्यामुळे ब्रेक, सांधे, चाकं आणि रूळ यांची घासाघीस सतत चालू. पूर्वेला फ्रीवे, ट्रक टर्मिनल आणि बंदराकडे जाणारे कंटेनर. त्यापलीकडे मिठागरं, खाडी आणि माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने. मधल्या जागेत टॉवर आणि मेट्रोचं बांधकाम. पश्चिमेला फाइव्ह गार्डनच्या अंगाला पर्जन्यवृक्षांची दाट सावली, आणि त्या सावलीतून ठिबकणारा चिकटा. हे सगळं गाडीच्या बॉनेटवर आणि टपावर उतरतं.

प्रत्येकाची धरून बसण्याची रीत वेगळी. धूळ पडून असते, ती पाण्याने जाते. झाडावरच्या पिठ्या ढेकणांचा चिकटा साबणाने जातो. कबुतराची किंवा कावळ्याची शीट वेळेत धुतली नाही तर उन्हात रंगाला खाते. लोखंडाचा बारीक कण रंगात रुततो, आणि कितीही धुतलं तरी तिथेच राहतो. मी गाड्यांच्या रंगकामात आयुष्य काढलं. आता निवृत्तीनंतर सोसायटीच्या आवारात स्वतःची आणि शेजाऱ्यांची गाडी धुतो, तिच्यावर रुतलेले कण काढणारी क्ले फिरवतो. या सगळ्या कामातून माझी एक खात्री झाली आहे. गाडीचा रंग मळाने फारसा बिघडत नाही. तो बिघडतो मळ काढण्याच्या घाईने.

हे मला पहिल्यांदा बाबांनी शिकवलं. बाबांची टॅक्सी होती. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण घरात आणि स्टँडवर तिला सगळे फियाटच म्हणायचे. ती बनली कुर्ल्याच्या कारखान्यात, म्हणजे हार्बरवर आमच्यापासून तीन स्टेशनं पुढे. खाली काळी, टप पिवळा. पहाटे चाळीच्या नळाला पाणी आलं की आधी घरातली पिंपं भरायची, मग दोन बादल्या टॅक्सीसाठी. बाबांचा नियम एकच होता: आधी पाणी, मग हात. कोरड्या गाडीला फडकं लावायचं नाही. पहिल्या बादलीतलं पाणी ते टमरेलाने टपावर सावकाश सोडत. धूळ काचांवरून, दारांवरून खाली वाहून जाई. सगळी गाडी ओली झाल्यावरच पंचाचा तुकडा दुसऱ्या बादलीत बुडे. शेवटच्या पाण्यात ते थोडं रॉकेल टाकत. त्या काळी अनेक टॅक्सीवाले चमक यावी म्हणून तसं करत.

पॉलिश केलं की फडकं काळं व्हायचं. बाबा ते मला दाखवत आणि सांगत, हा मळ नाही, हा गाडीचा रंग आहे. जितकं घासशील तितका निघून येईल. तेव्हाच्या टॅक्सीला एकेरी रंग असे. रंग आणि चमक एकाच थरात. उन्हाने वरचा भाग मरायचा, पांढुरका पडायचा, पॉलिशने तो मेलेला भाग खरवडून काढला की खालचा ताजा काळा दिसायचा. दर वर्षी पासिंगच्या आधी टॅक्सीला रंगाचा हात मारून घ्यायची पद्धत होती, म्हणून रंग थोडा झिजला तरी चालत असे. ते जग आता संपलं. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि शेवटच्या पद्मिनीची ती मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. गाड्या बदलल्या, रंग बदलले, पण फडकं फिरवणारे हात अजून जुन्याच सवयीने फिरतात. आजच्या गाडीचं नुकसान तिथे होतं.

शाळा संपल्यावर मी परळच्या बाजूला एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात लागलो. पहिली बरीच वर्षं हातात रंगाची गन आली नाही. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती सुकली की घासायची, प्राइमर मारला की पाणीपेपर, म्हणजे ओला करून घासायचा कागद, फिरवायचा, एवढंच काम. आमचे उस्ताद पॅनलवरून तळहात फिरवायचे आणि नेमका खोलगट भाग बोटाने दाखवायचे, जो मला उजेडात धरूनही दिसत नसे. त्यांचं म्हणणं असायचं, "हाथ से देख, आँख बाद में." ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पॅनलवर सरळ पडतंय की मोडतंय हे बघणं दुसरी परीक्षा, पहिली परीक्षा तळहाताची. क्लेचं काम मी पुढे फार सहज उचललं, त्याचं कारण हे गॅरेजातलं शिक्षण. ते काम डोळ्याचं कमी आणि बोटांचं जास्त आहे.

तिथेच मला आजच्या गाडीचा रंग म्हणजे काय ते कळलं. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी एका मोठ्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या मदतीने त्यावर गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्राइमर. त्यावर रंग. आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर, ज्याला कंपन्या क्लिअर कोट म्हणतात आणि गॅरेजात आम्ही लॅकर म्हणतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातलं लॅकर ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक आणि उन्हापासूनचं सगळं संरक्षण केसाहून पातळ थरात आहे. खालच्या रंगाला स्वतःची चमक नसते. लॅकर काढलं तर तो कोरडा, मातकट दिसतो.

मशीनने बफिंग केलं की या थरातले काही मायक्रॉन जातात. एकदा गेले तरी बिघडत नाही. पण दर दिवाळीला कुणी 'रबिंग-पॉलिश' करून घेत असेल, तर काही वर्षांत टपावरचं आणि बॉनेटवरचं लॅकर इतकं पातळ होतं की ऊन त्याला पोखरतं. मग पापुद्रे सुटतात, पांढरे नकाशे उमटतात. गॅरेजात आम्ही म्हणायचो, लॅकर उडालं. त्यावर पॉलिश नाही, औषध नाही. पॅनल घासून पुन्हा रंगवणं हाच उपाय. म्हणून ज्याच्या हातात लॅकरचं काम आहे, त्याने ते मोजून खर्च करायला हवं. धुताना ओरखडाच पडला नाही तर बफिंगची पाळीच येत नाही. पैसे आणि रंग दोन्ही वाचवण्याची जागा धुण्यात आहे.

आता मुंबईत गाडी कशी साफ होते ते बघा. पहाटे आवारात एक मुलगा येतो. लोक कामावर निघायच्या आत त्याला वीस-पंचवीस गाड्या पुसायच्या असतात. त्याच्याकडे एक बादली, एक फडकं, आणि पाणी भरून घ्यायला एकच नळ, तोही वॉचमनच्या परवानगीने. त्या बादलीत चार-पाच गाड्या होतात. तिसऱ्या गाडीपर्यंत पाण्याचा रंग चहासारखा झालेला असतो आणि फडक्याच्या सुतांत वाळू भरलेली असते. रस्त्यावरच्या आणि बांधकामाच्या धुळीत गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. ते फडकं बॉनेटवर गोल गोल फिरतं, रोज, वर्षभर.

दुपारच्या उन्हात काळी किंवा गडद निळी गाडी बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेषांचं जाळं दिसेल. लोकांना वाटतं, ओरखडेच गोल आहेत. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यांतले प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून प्रतिबिंबाभोवती वर्तुळ उमटतं. गाडीभोवती चालत जा, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकेल. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ते कमी दिसतं, पण असतं तेवढंच.

यात त्या मुलाचा दोष नाही. गाडी पुसलेली दिसली नाही तर मालक खिडकीतून हाक मारतो. गाडी ओरबाडलेली दिसायला दोन वर्षं लागतात आणि तोवर कुणाला कारण आठवत नाही. पुसलेली गाडी आणि स्वच्छ गाडी यांत फरक आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं तरी पंचवीस गाड्या आठच्या आत तो कसा करणार?

म्हणून मी आवारात माझ्या पद्धतीने धुतो आणि कुणी विचारलं की सगळं दाखवतो. पाण्यापासून सुरुवात करू. मुंबईला पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं. ते मऊ आहे, त्याचे डाग फारसे पडत नाहीत. पण हे प्यायचं पाणी, कपातीच्या दिवसांत ते नळी लावून गाडीवर उडवणं मला पटत नाही. बऱ्याच सोसायट्यांत गाड्यांसाठी बोअरिंगचं पाणी असतं. वडाळ्यात खाडी जवळ, त्यामुळे ते पाणी अनेक ठिकाणी क्षारांचं. ते रंगावर सुकलं की मागे पांढरे गोल डाग राहतात, आणि पुन्हा पुन्हा उन्हात भाजले की ते डाग लॅकरमध्ये उतरतात. उपाय सोपा आहे: बोअरिंगच्या पाण्याने धुवा, पण शेवटचा हात पालिकेच्या बादलीभर पाण्याचा द्या, आणि पाणी सुकू न देता लगेच टिपून घ्या. ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी सावलीत धुवा. बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर थांबा.

नळीची गरज पडत नाही. बागेला फवारायचा पाच लिटरचा हातपंप मी वापरतो. सुरुवातीला नुसत्या पाण्याचा फवारा, टपापासून खाली. सुकलेल्या मातीवर आणि शिटेवर जास्त वेळ, ती भिजून फुगेपर्यंत. इथे घाई करायची नाही. बाबा टमरेलाने करायचे तेच हे काम, फक्त हत्यार बदललं आहे. सैल झालेली धूळ जितकी पाण्याने खाली जाईल तितकी ती हाताखाली येणार नाही.

मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू घातलेलं पाणी, दुसरीत साधं. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको. त्यांत तेलकटपणा काढायची ताकद जास्त असते, रंगावरचं मेण निघून जातं आणि रबरी पट्ट्या कोरड्या पडतात. हातात मायक्रोफायबरचा लांब धाग्यांचा हातमोजा. त्याचे धागे कणाला आत ओढून घेतात आणि रंगापासून दूर ठेवतात. सपाट फडकं कणाला रंगावरच दाबून धरतं. मोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्याच्या बादलीत तो नीट पिळून वाळू तिथे सोडायची, आणि मगच पुन्हा शाम्पूत. काम संपल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाशी हात घालून बघा. जी रेती हाताला लागेल, ती एका बादलीच्या पद्धतीत तुमच्या बॉनेटवर फिरली असती.

क्रम नेहमी वरून खाली: टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. सगळ्यांत जास्त रेती चाकांमागे आणि खालच्या पट्टीवर असते. चाकांसाठी बादली वेगळी आणि फडकंही वेगळं, कारण तिथे ब्रेकची लोखंडी पूड असते. हात सरळ रेषेत चालवा, गोल नको. दाबू नका, मोज्याचं स्वतःचं वजन पुरे. धुऊन झाल्यावर मोठा मऊ टॉवेल पसरून ठेवायचा आणि हलकेच ओढून घ्यायचा. एवढ्या धुण्याला मोजक्या बादल्यांचं पाणी पुरतं.

गाडी धुतली, सुकली, चमकते आहे. आता प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घाला आणि बोटांची टोकं बॉनेटवरून हलकेच फिरवा. उघड्या बोटाला जे जाणवत नाही ते पिशवीतून जाणवतं. वडाळ्यातल्या कुठल्याही गाडीच्या टपावर ही परीक्षा करा, पाणीपेपरवरून बोट फिरवल्यासारखी खरखर लागेल. धुतलेल्या गाडीवर! लोकांना याचं फार आश्चर्य वाटतं. ही खरखर म्हणजे लॅकरमध्ये रुतून बसलेले कण: रेल्वेच्या आणि मोटारींच्या ब्रेकचं लोखंड, बांधकामावर सळ्या कापताना उडालेल्या ठिणग्या, कारखान्यांच्या धुरातली काजळी, झाडाचा सुकलेला चीक, आणि सोसायटीला परांची लागून बाहेरून रंगकाम झालं असेल तर त्या रंगाचे तुषार.

यांत लोखंडाची तऱ्हा वेगळी. कण गरम असताना येऊन चिकटतो, मग हवेतल्या दमटपणाने गंजतो. पांढऱ्या गाडीवर बारीक तांबूस ठिपके दिसू लागतात आणि मालक घाबरतो की गाडी आतून गंजली. माझ्याकडे शेजारी याच काळजीने येतात. गाडी गंजलेली नसते, तिच्यावर बाहेरून आलेलं लोखंड गंजलेलं असतं. त्यासाठी लोखंड विरघळवणारं द्रावण मिळतं. ते फवारलं की काही मिनिटांत जिथे जिथे कण आहेत तिथून जांभळे ओघळ वाहू लागतात. वास उग्र असतो, हातमोजे घालावेत, आणि ते रंगावर सुकू द्यायचं नाही. स्टेशनजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर हे जांभळे ओघळ मी टपापासून डिकीपर्यंत बघितले आहेत. भरपूर पाण्याने ते धुऊन टाकलं की उरलेलं काम क्लेचं.

क्ले नावाला माती, पण ही खाणीतली माती नाही. मऊ कृत्रिम राळेत अतिशय बारीक घासणारी पूड मिसळून ती करतात. जपानच्या ताडाओ कोदाते यांना अमेरिकेत तिचं पेटंट १९९५ साली मिळालं, आणि त्यात तिचं वर्णन वाकणारा, घडवता येणारा घासण्याचा दगड असं केलेलं आहे. वापरणाऱ्याने हे वर्णन लक्षात ठेवावं: हाताला मऊ लागली तरी हे घासण्याचं हत्यार आहे. गॅरेजात आम्ही पूर्वी लॅकरवरचा दाणा किंवा शेजारच्या गाडीवर उडालेला रंगाचा तुषार २००० नंबरच्या पाणीपेपरने काढायचो, मग कंपाउंड, मग बफिंग. म्हणजे एका दाण्यासाठी आजूबाजूचं सगळं लॅकर झिजवायचो. क्ले पृष्ठभागावर सरकते आणि जे वर आलेलं आहे तेवढंच कापून आपल्यात ओढून घेते. लॅकर जवळपास जसंच्या तसं राहतं.

वडी पूर्ण वापरू नका. तीन बोटांखाली मावेल एवढा तुकडा घ्या, हातात कणकेसारखा मळून ऊबदार करा आणि चपटा करा. थंडीत तो कडक होतो. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावा. मग गाडीच्या एका फुटाच्या चौकोनावर निसरडं द्रावण भरपूर फवारा. विकत मिळतं, पण पाण्यात थोडा जास्त शाम्पू घातला तरी चालतो. ओलावा हीच सगळ्यांत मोठी सावधगिरी आहे. कोरड्या जागी क्ले गेली की चिकटते आणि तिथे डाग-ओरखडे उमटतात. बोटं सपाट ठेवून पुढे-मागे, सरळ रेषेत. जोर नाही. सुरुवातीला हाताला अडकल्यासारखं वाटतं आणि बारीक कुरकुर ऐकू येते. दहा-बारा फेऱ्यांत आवाज कमी होत जातो, मग थांबतो, आणि क्ले काचेवरून गेल्यासारखी निघते. तो चौकोन झाला. पुसा, पिशवीतून बोट फिरवा, आणि पुढच्याकडे जा.

दर चौकोनानंतर क्ले उलटून बघायची. पांढऱ्या तुकड्यावर तपकिरी-काळी साय आलेली दिसते. घडी घालायची, पुन्हा मळायची, स्वच्छ बाजू वर आणायची. तुकडा जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा. त्याला लागलेली वाळू बोटाने काढता येत नाही. लॅकर उडालेल्या पॅनलवर, नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर आणि मॅट रंगावर क्ले फिरवू नये. काळ्या गाडीवर क्लेनंतर बारीक धुरकट रेषा राहू शकतात, तिथे हाताने हलकं पॉलिश करावं लागतं. आणि पुढची काच विसरू नका. पावसाळ्यात वायपर थडथडतो तेव्हा लोक वायपर बदलतात. काचेवर रुतलेला थर क्लेने काढला तर पुष्कळदा जुनाच वायपर नीट चालतो. मुंबईच्या पावसात रात्री फ्रीवेवर समोरचं दिसणं ही सुरक्षिततेची बाब आहे.

क्लेनंतर रंग उघडा पडतो. जुनं मेणही तिच्याबरोबर निघून जातं. म्हणून त्याच दिवशी मेण किंवा सीलंट लावायचं, पातळ थर, सगळ्या गाडीवर. मी वर्षातून दोनदा हे सगळं करतो: मे महिन्यात पावसाआधी, आणि पाऊस ओसरल्यावर नवरात्राच्या सुमारास. मधल्या काळात नुसतं धुणं पुरतं. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराकडचे रस्ते गर्दीने भरतात, गाडी काढायची सोय नसते, ती भर पावसात उभी असते. तेव्हा मेण लावलेल्या गाडीवरून पाणी मणी होऊन ओघळतं आणि चिखलही सोबत जातो. चांगल्या मेणाचं काम त्या दिवसांत दिसतं.

दसऱ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी बाबांच्या काळापासून खंडेनवमीला गाडीची पूजा होते आणि ती होत राहावी. पण ओल्या कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढून ते दोन-तीन दिवस तसंच उन्हात राहिलं, तर बाजारच्या कुंकवातला रंग पांढऱ्या लॅकरमध्ये उतरतो. हळदीचा डाग उन्हाने आपसूक फिका होतो, कुंकवाचा होत नाही. झेंडूच्या हारातून ठिबकणारं पाणीही वाळलं की खूण सोडतं. कुंकू काचेवर किंवा टायरवर लावावं, हार दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवून जागा पाण्याने धुवावी. ज्या वस्तूने घर चालवलं तिची पूजा करायची, तर तिचा रंग राखणं हाही त्या पूजेचाच भाग मी मानतो.

हवा सुधारली तर हे सगळं काम अर्ध्यावर येईल, हेही मला माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने बांधकामांसाठी नियम काढले: मोठ्या बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, ट्रकची चाकं धुऊनच बाहेर. हे नियम जिथे पाळले जातात त्या गल्लीतल्या गाड्यांचा टप बोटाला वेगळा लागतो. आणि गाडीच्या टपावर जे बसतं ते आपल्या छातीतही जातं. माणसाच्या छातीला क्ले लावता येत नाही. धूळ जिथे उठते तिथेच ती दाबली पाहिजे, असा आग्रह आपण सगळ्यांनी धरायला हवा.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. महागडं सिरॅमिक कोटिंग करून घेणारे लोक मी बघतो. ते करून गाडी परत आवारात येते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिच्यावर तेच वाळूचं फडकं फिरतं. हजारो रुपयांचा थर अशा पुसण्यापुढे टिकत नाही. उलट, कोटिंग न केलेली गाडी नीट धुतली तर बारा-पंधरा वर्षं तिचा रंग खोल आणि स्वच्छ राहतो. माझ्या आवारात अशा गाड्या उभ्या आहेत.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. तुमच्या आवारात पहाटे येणाऱ्या मुलाशी एकदा बोला. त्याला दोन बादल्या, दोन हातमोजे आणि चार स्वच्छ टॉवेल घेऊन द्या; एका बफिंगपेक्षा या सामानाला कमी पैसे लागतात. टॉवेल तुमच्या घरी धुऊन त्याला परत द्या. सोसायटीच्या सभेत गाड्यांसाठी नळाची आणि पाण्याच्या वेळेची सोय मंजूर करून घ्या. त्याला सांगा, रोज पुसू नकोस. आठवड्यातून दोनदा धू, आधी पाणी सोड आणि मगच हात लाव. आणि दिवस कमी झाले म्हणून त्याचा पगार कमी करू नका.